झाकणाखालची ऊब

धातू खोलीच्या तापमानाला असला तरी हाताला गार लागतो. लाकूड लागत नाही, कापड लागत नाही. धातू हाताची उष्णता भराभर ओढून घेतो, म्हणून आपली फसगत होते, एवढंच. आमच्या टीव्हीखालच्या काळ्या कॉम्प्युटरचं झाकण पत्र्याचं आहे. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, त्यावरून घसरलेलं कापड नीट करताना माझा तळवा त्या झाकणावर टेकला आणि ते गार लागलं नाही. गरमही नव्हतं. फक्त जो गारवा यायला हवा होता तो आला नाही. घरात मी एकटी होते. राजीव सकाळी पावणेसातला मानेसरच्या कारखान्याच्या बसला गेला होता, मी आठला बाहेर पडले होते. आदल्या रात्रीपासून बंद असलेल्या पत्र्याने फेब्रुवारीत गार लागायलाच हवं होतं. मी हात तिथेच ठेवला. थोड्या वेळाने माझ्या हाताचं आणि झाकणाचं तापमान इतकं जवळ आलं की काही कळेनासं झालं. मग मी हात उचलला, कापडाची चारही टोकं सारखी केली आणि चहा ठेवला.

मी सरकारी प्रयोगशाळेत तापमानाच्या विभागात काम करते. सव्वीस वर्षं झाली. देशभरातले थर्मामीटर आमच्याकडे येतात आणि ते किती चुकतात हे आम्ही त्यांना सांगतो. एखादं वाचन विचित्र आलं तर पहिल्यांदा यंत्रावर संशय घ्यायचा, मग जोडणीवर, मग स्वतःवर, आणि सगळ्यात शेवटी निसर्गावर, असं आम्हाला शिकवलेलं आहे. त्या संध्याकाळी मी हाच क्रम धरला. इंटरनेटवरून काही आपोआप उतरवून घेत असेल. राजीव रात्री बंद करायला विसरला असेल आणि वीज गेल्यावर ते बंद पडलं असेल. खिडकीतून ऊन येत असेल. पण ती खिडकी उत्तरेची आहे. राजीव आला तो रोजच्यासारखाच सहा चाळीसला, खांद्याला कंपनीची निळी बॅग. “बस आज वेळेवर,” तो म्हणाला. मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं मला अजून ठरवायचं नव्हतं.

तो कॉम्प्युटर राजीवने स्वतः जोडलेला. दोन वर्षांपूर्वी तो दर शनिवारी संध्याकाळी नेहरू प्लेसला जायचा आणि एखादा सुटा भाग घेऊन यायचा. आवाज न करणारा पंखा मिळवायला त्याला सहा शनिवार लागले. आडवं, काळं खोकं, जुन्या व्हीसीआरसारखं दिसणारं. त्यात मीडिया सेंटर. टीव्ही लावला की पडद्यावर सगळे सिनेमे आपापली चित्रं घेऊन रांगेत उभे राहतात, रिमोटने हवा तो निवडायचा, अर्धवट सोडला असेल तर तिथूनच पुढे सुरू होतो. प्रत्येकाखाली नाव, साल आणि चार ओळींचा सारांश. खोलीच्या पाच कोपऱ्यांत पाच स्पीकर, खोलीला कोपरे चारच असतात, असं मी म्हटलं तेव्हा राजीव म्हणाला होता, “पाचवा तुझ्या डोक्यात.” आमच्या घरच्या जुन्या कॅसेटीही त्याने त्यात भरल्या. ते सॉफ्टवेअर प्रत्येक नावाला इंटरनेटवरून चित्र शोधून आणायचं, त्यामुळे आमच्या मुलीच्या, मृणालच्या, पाचव्या वाढदिवसाला कुठल्याशा परदेशी भुतांच्या सिनेमाचं चित्र चिकटलं होतं. रक्ताळलेला हात, आणि खाली ‘मृणाल, केक’. आम्ही तिघंही पोट धरून हसलो होतो. राजीव म्हणाला, सवडीने एकेक नीट करीन. सवड त्याला नव्हती. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो उत्पादनाचं बघायचा, आणि त्या वर्षांत मोटारींना कुणी थांब म्हणत नव्हतं. दिल्लीतल्या द्वारकेत आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या आवारात तीन गाड्या उभ्या असायच्या. नंतर मुलांना क्रिकेट खेळायला जागा उरली नाही.

तो इथला नाही. मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, तो पुण्याचा. पुण्यात त्याची चांगली नोकरी होती. मला दिल्लीच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली तेव्हा तोच म्हणाला, “कारखाने काय, कुठेही असतात. थर्मामीटरांची राजधानी एकच.” सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणत असे. दिल्लीत ऐकायला कुणी नव्हतं, अहो गळून पडलं. तो माझ्यासाठी इथे आला ही गोष्ट त्याने पुन्हा कधी काढली नाही. मी मात्र ती विसरले नाही, आणि त्या फेब्रुवारीत ती सारखी वर येत राहिली.

पुढच्या सोमवारी मी प्रयोगशाळेतला एक जुना, वापरातून काढलेला थर्मामीटर घरी आणला. वायरच्या टोकाला मण्याएवढा संवेदक असतो तसला. रोज साडेपाचला तो कापडाखाली सरकवायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग खोलीचं तापमान घ्यायचं. सहा अंशांचा फरक. साडेपाच अंशांचा. सहा. एका रविवारी राजीवने सिनेमा बघून कॉम्प्युटर बंद केला आणि तो आंघोळीला गेला, तेव्हा मी त्या खोक्याची निवण्याची गती काढली. बंद करताना खोलीपेक्षा चौदा अंश वर, आणि दर पन्नास मिनिटांनी निम्मं. उघडं असतं तर याहून फार लवकर निवलं असतं. पण द्वारकेत धूळ फार, आणि राजीव काही बंद केलं की त्यावर दुपदरी कापड घालतोच. कारखान्यात मशीनवर घालतात तसं. म्हणजे साडेपाचला सहा अंश, तर साडेचारच्या सुमाराला कुणीतरी ते नीट बंद करून, व्यवस्थित झाकून गेलेलं होतं. इतकं व्यवस्थित की ऊब आतच राहावी. घराच्या किल्ल्या दोनच.

मग मी कारखान्यात फोन केला. त्याचा थेट नंबर लागेना, म्हणून स्वागतिकेचा. “राजीव सर? मैडम, वो तो अब यहाँ नहीं हैं। जनवरी में वो पूरी लाइन बंद हो गई ना। आप कहाँ से बोल रही हैं?” मी म्हणाले, “बैंक से.” फोन ठेवल्यावर मला पहिलं जाणवलं ते दुःख नव्हतं. माझं गणित बरोबर आलं होतं, त्याचं समाधान होतं. क्षणभरच टिकलं, पण होतं. त्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्याच रात्री जेवताना विचारायला हवं होतं. पानं वाढली, आणि राजीव म्हणाला, “आज विजयालक्ष्मीने प्लँट मॅनेजरला गप्प केलं.”

“कोण विजयालक्ष्मी?”

“नवीन आलीय. क्वालिटीची हेड. मदुराईची. डब्यात रोज दहीभात.” त्याने पोळीचा तुकडा मोडला. “मॅनेजर म्हणाला, मॅडम, थोडा अ‍ॅडजस्ट कर लो. ती म्हणाली, सर, मैं साड़ी अ‍ॅडजस्ट करती हूँ, मायक्रोमीटर नहीं.”

मी हसले. मनापासून हसले, विनोद चांगला होता. हसून झाल्यावर विचारणं कठीण झालं. दुसऱ्या दिवशीही विजयालक्ष्मी आली. ती बसच्या ड्रायव्हरला तमिळ शिकवायला लागली. तिने कँटीनची डाळ गाळून तिची घनता काढली आणि नोटीस बोर्डावर लावली. सव्वीस वर्षं राजीव कारखान्यातून घरी यायचा तेव्हा “दमलो” एवढंच बोलायचा. मीही प्रयोगशाळेचं काही सांगत नसे. आता तो रोज जेवताना बोलत होता, आणि मी दिवसभर त्या जेवणाची वाट बघायला लागले होते. “विजयालक्ष्मीच्या भावाचं काय झालं?” असं मी आपण होऊन विचारायचे. कारखाना सुटल्यावर कारखाना पहिल्यांदा आमच्या घरात आला. विजयालक्ष्मी खरी आहे की नाही, हे मला माहीत नाही.

मार्चमध्ये एकदा मी लवकर निघाले आणि मेट्रोतून उतरून रिक्षाने येताना त्याला पाहिलं. कंपनीची बस थांबते त्या थांब्यावर, कडुलिंबाखालच्या कठड्यावर तो बॅग मांडीवर घेऊन बसला होता. रिक्षावाल्याला मी थोडं पुढे नेऊन थांबवलं. साडेसहाला बस आली. सात-आठ जण उतरले. त्यांतल्या एकाने काही न बोलता राजीवच्या हातात घडी केलेला पेपर दिला, आणि ते सगळे मिळून चालायला लागले. राजीव त्यांच्या मधोमध, इतरांच्याच दमलेल्या चालीने. म्हणजे पूर्ण बसला माहीत होतं. रोज कुणी काही बोलत नव्हतं. मी रिक्षा दुसऱ्या गेटने आत घ्यायला लावली आणि त्याच्या आधी घरी पोचून भाजी चिरायला बसले.

लहानपणापासून लोक म्हणत आले, कुमुदिनी फार समंजस. मला ते आवडायचं. समंजस म्हणजे जी विचारत नाही. दुसऱ्याला अवघड वाटेल अशा जागी जी थांबते. एप्रिलपर्यंत माझ्या वहीत सेहेचाळीस वाचनं झाली होती, तारीखवार, दोन दशांश स्थळांपर्यंत. मार्चमध्येच सगळं सिद्ध झालेलं असताना मी ती का घेत राहिले? रोज संध्याकाळी पायांतल्या चपलाही न काढता कापडाखाली वायर सरकवताना मला एक स्वस्थता वाटायची. तो ठीक आहे. आज साडेचारपर्यंत तो इथे होता, बसलेला होता, पडद्यावर काहीतरी हलत होतं. एखाद्या तापकऱ्याच्या उशाशी बसावं तसं. पण तापकऱ्याला ठाऊक असतं की कुणीतरी उशाशी आहे. राजीवला ठाऊक नव्हतं. तो एकटाच होता, आणि मी त्याच्यावर प्रयोग करत होते.

मग एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तो केस कापायला गेला आणि मी टीव्ही लावला. दिवसभर तो काय बघतो, एवढंच मला बघायचं होतं. पडद्यावर वरच्या रांगेत नव्याने भर पडलेलं दिसतं. तिथे एकही सिनेमा नव्हता. घरच्या कॅसेटी होत्या, सगळ्या, एकशे बारा. भुतांचा हात गेला होता. त्या जागी केकसमोर गाल फुगवलेली मृणाल. प्रत्येक कॅसेटचे त्याने तुकडे पाडले होते, प्रत्येक तुकड्याला नाव, साल, जागा; आणि सारांशाच्या चौकोनात त्याने लिहिलं होतं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, एसएमएस लिहितात तसं. ‘द्वारका, १९९९. रिकामा फ्लॅट. मृणाल प्रत्येक खोलीत जाऊन ओरडते. कुमुद भिंतीला हात लावून बघते, ओल आहे का.’ ‘मसुरी, १९९६. धुकं. चार मिनिटं काहीच दिसत नाही, पण आवाज तिघांचे आहेत, म्हणून ठेवलं.’ ‘आग्रा, १९९४. कुमुद कॅमेऱ्याकडे बघत नाही. ती कधीच बघत नाही. मी तेव्हा रागावलो होतो.’ चार महिने तो रोज कामावर जात होता. फक्त कामाची जागा ही होती. उत्पादनाच्या माणसासारखं त्याने रोज काहीतरी पूर्ण करून, बंद करून, झाकून ठेवलं होतं.

खालच्या रांगेत ‘आर. के. पुरम, १९९२. कुमुदच्या बाबांचा निरोप समारंभ’ होतं. राजीवनेच मित्राचा कॅमेरा मागून आणून ते टिपलं होतं. मी ते तेव्हापासून पाहिलेलं नव्हतं. माझ्या वडिलांना निवृत्तीच्या सहा-सात वर्षं आधीपासून ऐकू येत नव्हतं. घरात सगळ्यांनी आवाज वाढवला, रेडिओचा, स्वतःचा. फोन आईने घ्यायला सुरुवात केली. त्यांच्याशी बोलताना आम्ही समोर, उजेडात उभे राहायला शिकलो. तो एक शब्द मात्र घरात कधी उच्चारला गेला नाही. आईने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, आम्ही सगळे समंजस होतो. पडद्यावर तो हॉल होता, पताका, हार, समोशांच्या बशा. साहेब हिंदीत बोलत होते. मग त्यांनी वडिलांवर एक विनोद केला, वर्षानुवर्षं त्यांच्या टेबलावरून कशी जी मागावी ती सोडून भलतीच फाइल यायची, असा काहीतरी, आणि हॉल हसला. राजीवने तो आवाज पाचही स्पीकरांत सोडला होता. हसणं माझ्या मागून आलं. वडील हात जोडून, मान हलवून हसत होते. त्यांना वाटत होतं आपलं कौतुक चाललंय. कॅमेरा सरकून पहिल्या रांगेवर आला. सारांशात राजीवने लिहिलं होतं: ‘साहेबांचा विनोद. बाबा हसतात. त्यांना ऐकू आलेलं नाही. आई खाली बघतात.’ आईच्या शेजारी मी होते, पस्तीस वर्षांची, डॉक्टरेट झालेली. मीही खाली बघत होते. ते त्याने लिहिलं नव्हतं. ते त्याने सोडून दिलं होतं. मी टीव्ही बंद केला. घरी परतताना त्या दिवशी आई टॅक्सीत म्हणाली होती, “सगळे बरे वागले, नाही?” वडिलांनी विचारलं, “काय?” आणि आईने पुन्हा सांगितलं नाही.

तरीही मी मे उजाडेपर्यंत बोलले नाही. मृणाल नागपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात सहा आठवडे कुठल्या तरी कारखान्यात प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि ते बाबांच्या कारखान्यात, हे तिने मागच्या दिवाळीतच ठरवलं होतं. मला वाटलं, राजीव काहीतरी कारण काढील. सवलती बंद झाल्या म्हणेल, दुसरीकडे बघू म्हणेल. तो मोडेल आणि मला मोडावं लागणार नाही, असं मी धरून चालले होते. शुक्रवारी रात्री आठच्या सुमाराला जेवायला बसतानाच तिचा फोन आला. राजीवने तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

“बाबा, रविवारी सकाळी निजामुद्दीन. सोमवारी तुमच्याबरोबरच बसने ना?”

“पावणेसातला. उठशील का?”

“उठते हो. अच्छा, शूज फॉर्मल लागतील? आणि ते गेटवर दाखवायचं, काय म्हणतात मराठीत...”

“प्रवेशपत्र.”

“हां, तेच. झालं ना ते? इथे कॉलेजवाले रोज डोकं खातायत, यार.”

“झालंय,” राजीव म्हणाला. “मी स्वतः जाऊन सही आणलीय.” त्याचा आवाज अगदी सरळ होता. तो वाटीतली आमटी ढवळत होता. खूप वेळ ढवळत होता.

“आणि विजयालक्ष्मी मॅम? त्यांच्याच डिपार्टमेंटला लावा हं मला. मी होस्टेलवर सगळ्यांना सांगितलंय त्यांचं. सगळ्या फॅन झाल्यात.”

“ती रडवेल तुला.”

“रडवू दे. आई, तू गप्प का? आहेस ना?”

“आहे,” मी म्हणाले.

“तिला सांगा बाबा, कधीतरी काहीतरी बोल म्हणावं. चलो, मेस बंद होईल. बाय.”

फोनचा उजेड गेला. वर पंखा फिरत होता, त्याची हवा गरम होती. राजीवने वाटी खाली ठेवली. मी त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे खरोखर पाहिलं. कानांमागे नव्याने कापलेले केस, शर्टाची इस्त्री, खिशाला पेन. सोमवारी सकाळी तो काय करणार होता? तिला घेऊन थांब्यापर्यंत जाईल. बस येईल. आतले सगळे त्यांच्या जागांवरून बघतील, ते चांगले लोक आहेत, कदाचित दोघांनाही बसू देतील. मग गेट येईल. गेटवर कुणीतरी हसून काहीतरी बोलेल, आणि मृणाल आपल्या बापाच्या तोंडाकडे बघेल. त्यापुढचं राजीवने ठरवलेलं नव्हतं, हे मला त्याच्या ढवळण्यावरून कळलं. तोही कुणाची तरी वाट बघत होता. चार महिने बघत होता, आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून विचारत होते की विजयालक्ष्मीच्या भावाचं काय झालं.

“ऐक ना,” तो म्हणाला. चेहऱ्यावर रोजचं ते हसू जमा होत होतं. “आज काय झालं माहितीय? विजयालक्ष्मी सकाळी—”

मला ते ऐकायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते शेवटपर्यंत ऐकायचं होतं, आणि उद्याचंही. एवढं ऐकून घ्यावं, मग बोलावं, असा विचार आला, आणि तो किती ओळखीचा आहे हेही कळलं.

“आज तिचं नको,” मी म्हणाले.

तो थांबला. हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचं काहीतरी निघून गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं नाही.

“राजीव, तुझी लाइन जानेवारीत बंद झाली. मला फेब्रुवारीपासून माहीत आहे, आणि मी बोलले नाही. उद्या सकाळी तू कुठेही जायचं नाहीस. आणि मृणालला आपण दोघांनी मिळून सांगायचं, आत्ता, ती जेवून वर आली की.”